न चढलेला रंग

१

दर चौथ्या मंगळवारी सकाळी अकराच्या ठोक्याला टायपिस्टबाई रंगकाकूंच्या पार्लरच्या तीन पायऱ्या चढत. कठड्याला हात न लावता. वय एकाहत्तर. कठडा म्हाताऱ्यांसाठी असतो असं त्यांचं मत होतं, आणि म्हातारे म्हणजे आपल्याहून दहा वर्षांनी मोठे, अशी त्यांची व्याख्या होती. ही व्याख्या दरवर्षी एकेक वर्षाने पुढे सरकत असे, पण त्याबद्दल त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं.

पस्तीस वर्षं त्यांनी एका कचेरीत कळफलकाकडे न बघता साहेबांची पत्रं टाइप केली आणि त्यातली निम्मी साहेबांना न विचारता सुधारली. निवृत्तीनंतर सुधारायला कचेरी उरली नाही, म्हणून त्यांनी आपला मोर्चा उरलेल्या जगाकडे वळवला.

रंगकाकूंचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. तीस वर्षं लोकांचे केस रंगवून त्यांच्या बोटांची नखं कायमची तपकिरी झाली होती, हीच त्यांची पाटी. पार्लर म्हणजे एक लांबट खोली. समोर भिंतभर आरसा, त्यापुढे दोन खुर्च्या, कोपऱ्यात केस धुवायचं बेसिन. पहिली खुर्ची काकूंची, दुसरी सुनेची. सून बाळंतपणासाठी आईकडे गेली होती. तिच्या खुर्चीवर काकूंनी डोकं टेकायच्या जागी एक स्वच्छ पांढरा टॉवेल घालून ठेवला होता, धूळ बसू नये म्हणून.

त्या मंगळवारीही सगळं नेहमीसारखंच झालं. वाटीत रंग कालवला, ब्रशने भांगाभांगातून मुळांना लावला, वर प्लॅस्टिकची टोपी चढवली आणि गजराचं घड्याळ पंचेचाळीस मिनिटांवर फिरवलं. पाचव्या मिनिटाला टायपिस्टबाई वळल्या.

"अगं, ती समोरची शिवणवाली बघ, पाटीवर काय लिहून बसलीय..."

"हलू नका. वेळ झालेली नाही," काकू म्हणाल्या. हे वाक्य त्या इतक्या वर्षांत इतक्या डोक्यांना म्हणाल्या होत्या की ते ऐकून रस्त्यावरून जाणारी माणसंही क्षणभर थबकत. या खुर्च्यांवर बसलेलं कुणी घंटा वाजायच्या आधी उठलं, असं आजवर घडलेलं नव्हतं.

घंटा वाजली, काकूंनी टोपी काढली आणि उजव्या कानामागे थांबल्या.

तिथे तळहाताएवढी जागा पांढरी होती. रंग न चढलेले केस काकूंनी पुष्कळ पाहिले होते. त्यांवरून रंग ओघळतो, मानेला लागतो, टोपीला चिकटतो. इथे तसलं काही नव्हतं. बोटभर जाड थापलेला रंग तिथे मुळी नव्हताच. केस कोरडे, स्वच्छ, आत्ताच धुऊन वाळवल्यासारखे.

काकूंनी टोपी उलटी करून पाहिली. त्या जागी टोपीही स्वच्छ.

तेवढ्यात शेजारी 'फुस्स' असा आवाज झाला. सुनेच्या खुर्चीची बैठक बोटभर खाली गेली होती. कुणी बसलं की जाते तशी.

"तुझ्या खुर्चीचा दम गेला," टायपिस्टबाई म्हणाल्या.

"आतलं तेल संपलं असेल," काकू म्हणाल्या. आणि ते खरंही असू शकलं असतं.

२

ज्या बाईने तीस वर्षं हा धंदा केला तिला हट्टी पांढऱ्या केसांचं नवल नसतं. असे केस काचेसारखे असतात, वरचं कवच घट्ट मिटलेलं. रंग आत शिरतच नाही. त्यावर उपाय आहेत. काकूंनी पुढचे चार आठवडे ते मनातल्या मनात ओळीने लावून ठेवले. आपलंच चुकलं असणार. आपण पुढून सुरुवात केली. जिथे केस हट्टी तिथे सगळ्यात आधी लावायला हवं होतं. किंवा ट्यूब जुनी होती. पाणी जड असेल. बाईंनी आदल्या दिवशी तेल चोपडलं असेल.

"मी तेल लावत नाही," टायपिस्टबाई पुढच्या चौथ्या मंगळवारी म्हणाल्या. "तेल लोणच्याला लावतात."

पण येताना त्यांनी कठड्याला हात लावला होता. काकूंनी ते दाराच्या काचेतून पाहिलं आणि पाहिलं नाही असं ठरवलं.

पांढरी जागा आता बशीएवढी झाली होती.

काकूंनी बाह्या सरसावल्या. आधी त्या भागाला रंगात कालवायचं नुसतं डेव्हलपर लावून पंधरा मिनिटं ठेवलं, म्हणजे केसांचं कवच मऊ पडतं. ते पुसून कोरडं केलं. हव्या त्या छटेत निम्मी साधी नैसर्गिक छटा मिसळली, कारण नुसत्या फॅशनच्या छटा पांढऱ्यावर टिकत नाहीत. मिश्रण दाट ठेवलं. पहिला ब्रश तिथेच. वर कापूस, त्यावर टोपी, टोपीवर गरम टॉवेल. याहून जास्त बंदोबस्त तुरुंगातही नसतो.

आणि या वेळी त्या खुर्चीमागून हलल्या नाहीत. पंचेचाळीस मिनिटं त्यांनी त्या टोपीकडे टक लावून पाहिलं.

विसाव्या मिनिटाला शेजारची बैठक खाली गेली. फुस्स.

काकूंनी मान वळवली. खुर्ची रिकामी होती. त्यांनी मान परत वळवली. या दोन्हींत मिळून फार तर दोन सेकंद गेले असतील.

घंटा वाजल्यावर टोपी काढली. बशीएवढी जागा कोरडी ठणठणीत, पांढरी शुभ्र. कापूससुद्धा पांढरा.

"हे बघ," टायपिस्टबाई आरशात बघत म्हणाल्या, "माझं डोकं आहे म्हणून सांगत नाही, पण त्याला स्वतःचं मत असणं स्वाभाविक आहे."

त्या हसल्या, काकूही हसल्या. बाई गेल्यावर काकूंनी खोली झाडली. झाडता झाडता सुनेच्या खुर्चीवरचा टॉवेल सरळ करायला हात लावला, तर तो ओला लागला. डोकं टेकायच्या जागी बशीएवढा काळा डाग होता. त्यांनी नाकाशी नेला. स्वतःच्या हाताचा स्वयंपाक बाईला वासावरून कळतो, तसंच हेही. निम्मी फॅशनची छटा, निम्मी नैसर्गिक. दाट.

त्यांनी सुनेला फोन लावला.

"आई, तुम्हीच हात पुसला असेल," सून म्हणाली. मागे बाळ रडत होतं. "तुम्हाला सवयच आहे, मिळेल त्याला हात पुसायची. माझ्या ओढणीला नव्हता का पुसला?"

"हो गं, पुसला असेल," काकू म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी हातमोजे घातले होते.

३

टायपिस्टबाई निघायच्या आधी काकूंनी त्या पांढऱ्या जागेतून दहाबारा केस कापून ठेवले होते. धंद्यातली साधी रीत आहे. शंका असली की चार केसांवर आधी करून बघायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते बशीत ठेवून त्यांवर तोच रंग लावला.

वीस मिनिटांत केस काळेभोर झाले. धुतले, घासले, साबण लावला. जाईना.

काकू बशी हातात घेऊन बराच वेळ स्टुलावर बसून राहिल्या. केसांचा दोष नव्हता. रंगाचा नव्हता, पाण्याचा नव्हता, हाताचाही नव्हता. डोक्यापासून वेगळे केल्यावर केस निमूटपणे रंग घेत होते. म्हणजे डोक्यावर असताना त्यांना तो मिळतच नव्हता. मधल्या मध्ये कुणीतरी घेत होतं.

हा विचार मनात आल्याबद्दल त्यांनी स्वतःला एक शिवी दिली आणि उठून चहा टाकला. मग चहा गाळता गाळता त्यांच्या लक्षात आलं, की खुर्चीकडे पाठ होऊ नये म्हणून आपण तिरक्या उभ्या आहोत.

संध्याकाळी त्या टायपिस्टबाईंकडे गेल्या आणि म्हणाल्या, "या वेळी रंगवायचं नाही. सहा आठवडे डोक्याला विश्रांती देऊ."

"विश्रांती?" बाई म्हणाल्या. "डोक्याला विश्रांती दिलेली माणसं मी पस्तीस वर्षं कचेरीत पाहिली आहेत."

पण त्या ऐकल्या. हेच काकूंना आवडलं नाही. टायपिस्टबाई कधी कुणाचं ऐकत नसत.

४

सहा आठवड्यांनी त्या काठी घेऊन आल्या.

तीन पायऱ्यांना काही मिनिटं लागली. काकू दारात उभ्या होत्या. हात पुढे केला तर बाईंनी तो काठीने बाजूला केला. डोक्यावर रुमाल होता. खुर्चीवर बसल्यावर तो त्यांनी स्वतःच सोडला.

अर्ध्याहून जास्त डोकं पांढरं होतं. मुळं वाढून आलेली पांढरी नव्हेत. मागच्या महिन्यापर्यंत टोकापर्यंत काळे असलेले केस टोकापर्यंत पांढरे. रंगाची एक ट्यूबही उघडलेली नसताना.

काकूंनी सुनेच्या खुर्चीवरचा टॉवेल उचलला. सकाळीच धुतलेला घातला होता. तो थाळीएवढा काळा आणि ओला होता.

"दाखव," बाई म्हणाल्या. काकूंनी दाखवला. वास घ्यायला दिला. बाईंनी वास घेतला आणि टॉवेल मांडीवर ठेवून त्याकडे बघत राहिल्या, चुका असलेल्या मसुद्याकडे बघावं तसं.

"घरी माझं जुनं यंत्र आहे," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "रोज एक पान टाइप करते. कुणासाठी नाही. बोटं गंजू नयेत म्हणून. परवा बसले आणि मला 'क' सापडेना."

"होतं असं वयाने..."

"गप्प बस. वयाने होतं ते मला माहीत आहे, ते पाठीला झालंय. हे वयाचं नाही. पहिल्या महिन्यात नुसता 'ळ' हुकायचा. दुसऱ्या महिन्यात खालची ओळ गेली. आता मी मान खाली घालून कळांवरची अक्षरं वाचते, एका बोटाने, नवीन पोरीसारखी." त्यांनी दोन्ही हात उचलून बोटं पसरली. "आयुष्यात एवढंच माझं स्वतःचं होतं, रंगकाकू. बाकी सगळं दुसऱ्यांचं टाइप केलेलं. आधी तळहात, मग बशी, मग थाळी. उद्या अख्खं डोकं झालं की या खुर्चीवर कोण बसलेलं असेल?"

आरशात दुसरी खुर्ची दिसत होती, तिच्याकडे बघण्याचं काकू टाळत होत्या.

"फेकून दे ती खुर्ची," बाई म्हणाल्या.

"फेकली तर ते उभं राहील," काकू म्हणाल्या. आपण असं का म्हणालो ते त्यांना कळलं नाही, पण म्हटल्यावर दोघींच्याही मानेवर काटा आला. "बसलेलं बरं. कुठे आहे ते तरी कळतं."

फुस्स.

बैठक खाली गेली. बोटभर नव्हे, चांगली वीतभर. चांगलं वजन बसावं तशी.

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. रस्त्यावर ऊन होतं, समोर शिवणवालीचं मशीन धडधडत होतं. घाबरायला याहून गैरसोयीची वेळ नसेल.

टायपिस्टबाईंनी तोंड वळवलं नाही. आरशाकडे बघत त्या सावकाश म्हणाल्या, "माझे केस मी स्वतःच्या पैशाने रंगवते. कुणाला फुकट रंगवून देण्याचं काही कारण मला दिसत नाही."

आणि तिथेच, त्या चिडक्या, बारीक आवाजाने, काकूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या कपाटाकडे गेल्या आणि सगळ्यात खालच्या खणातून पावडरचा निळा डबा काढला.

"हे काय?"

"ब्लीच. रंग उतरवायचं."

"माझ्या पांढऱ्या केसांचं काय उतरवणार तू?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "तुमच्या या पांढऱ्यात उतरवण्यासारखं काही राहिलेलंच नाही. पण तिकडे आहे."

टायपिस्टबाईंनी काठी खुर्चीला टेकून ठेवली, पाय नीट जुळवले आणि मान ताठ केली.

"लाव," त्या म्हणाल्या.

५

काकूंनी कडक कालवलं. कातडीला मलम लावलं, मुळांपासून बोटभर जागा सोडली, आणि पांढऱ्या केसांवर ते निळसर लोण्यासारखं मिश्रण थर देऊन थापलं. टोपी चढवली नाही. घड्याळ पंचेचाळीसवर फिरवलं. मग त्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या, आणि या वेळी त्यांनी आरशात सरळ दुसऱ्या खुर्चीकडे पाहिलं.

खुर्ची आरशाकडे पाठ करून होती. ती तशी कधी फिरली ते त्यांनी पाहिलं नव्हतं.

पाठीच्या वर काहीच दिसत नव्हतं. दहा मिनिटं काहीच नाही. टायपिस्टबाई मुकाट्याने बसल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावरचा थर बसत चालला होता. फुगलेलं पीठ बसावं तसा, मुळांकडून टोकांकडे. पंधराव्या मिनिटाला केस कोरडे होते.

सोळाव्या मिनिटाला आरशात, खुर्चीच्या पाठीवर, केस होते.

तेवढंच. डोक्याची मागची बाजू. दाट, काळेभोर, सुबक रंगवलेले केस, कुठे एक मूळ सुटलेलं नाही. काकूंनी काम ओळखलं. त्यांचंच होतं, त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं. त्याही स्थितीत त्यांना किंचित बरं वाटलं, आणि त्याची लाज वाटली.

मग काळ्यात विटकरी दिसू लागलं. उजव्या बाजूने, जिथे कान असायला हवा होता त्याच्या मागे, तळहाताएवढं. विटकरीचं तांबडं झालं, तांबड्याचं नारिंगी. बशीएवढं. थाळीएवढं. खोलीत जळक्या पिसांचा वास सुटला आणि खुर्चीचे हात कुणी आवळून धरावेत तसे करकरले.

आणि ते डोकं वळू लागलं.

सावकाश. नारिंगी केसांखालून गालाची कड यावी तसं काहीतरी येऊ लागलं. ते चेहऱ्याचं होतं, पण अजून पुरतं ठरलेलं नव्हतं. जिथे नाक असतं तिथे टायपिस्टबाईंच्या नाकाची सुरुवात होती.

काकू एक पाऊल मागे सरकल्या. पण तोंड तीस वर्षांच्या सवयीचं होतं. ते पायांना विचारत नसे.

"हलू नका!" त्या कडाडल्या. "वेळ झालेली नाही!"

डोकं थांबलं.

रस्त्यावर कुणाच्यातरी चपला थबकल्या आणि पुन्हा चालू लागल्या. खोलीत फक्त घड्याळाची टिकटिक. ते डोकं होतं तिथेच होतं, अर्धं वळलेलं, थरथरणारं. या खुर्च्यांवर बसलेलं कुणी घंटा वाजेपर्यंत उठत नसे. हेही बसलं होतं. इतके महिने रंग चढवून घ्यायला बसत आलं होतं. ते या खोलीच्या शिस्तीतच बसत आलं होतं.

"किती राहिलं?" टायपिस्टबाईंनी ओठ न हलवता विचारलं.

काकूंनी घड्याळ उचललं. सहा मिनिटं. ब्लीच वेळेपेक्षा जास्त ठेवलं की आधी रंग जातो, मग केसाचा जीव जातो, मग केस. हे त्या प्रत्येक शिकाऊ मुलीला पहिल्या दिवशी सांगत. घंटा वाजू न देता त्यांनी काटा हळूच मागे नेला. पुन्हा पंचेचाळीस.

"पुष्कळ," त्या म्हणाल्या.

"बरं," टायपिस्टबाई म्हणाल्या. "मला घाई नाही." आणि मग, आरशातल्या त्या पाठीला उद्देशून, साहेबाचं पत्र परत पाठवताना म्हणत असतील तशा आवाजात: "बस. तूही बस."

काटा त्यांनी आणखी दोनदा मागे नेला. शेवटी शेवटी काकू बघत नव्हत्या. फक्त काहीतरी तुटून फरशीवर पडत असल्याचा आवाज येत होता, वाळकं गवत पडावं तसा.

मग 'स्स' असा लांब सुस्कारा आला आणि बैठक वर आली.

६

फरशीवरून काकूंनी सुपडीभर पिवळे, चुरा झालेले केस भरले आणि गटारात टाकले. हातमोजेही त्यांच्यामागून गेले. मग टायपिस्टबाईंचं डोकं धुतलं, कोरडं केलं, आणि पुन्हा पहिल्यापासून रंग लावला. बाईंच्या उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर काहीतरी आपटत होती. काकूंना वाटलं, थरथरतायत. मग लय लक्षात आली.

"काय टाइप करताय?"

"तक्रार," बाई म्हणाल्या. "डोळे मिटून. 'क' सापडला."

या वेळी पाणी काळं आलं. टॉवेल काळा झाला, बेसिन काळं झालं, मान काळी झाली. काकूंना इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. फक्त कानामागे एक ठिपका राहिला, टिकलीएवढा. त्यावर त्यांनी तीनदा ब्रश फिरवला. तो पांढराच राहिला.

"राहू दे," टायपिस्टबाई आरशात मान वाकडी करून म्हणाल्या. "असू दे त्याला माझा पत्ता ठाऊक. नाहीतर ते दुसऱ्या कुणाकडे जायचं."

तोच विचार काकूंच्या मनात होता. महिन्याभरात सून परत यायची होती. तिच्यासाठी त्यांनी नवी खुर्ची मागवली आणि ती बेसिनपलीकडे ठेवली. आल्यावर सुनेने विचारलं, "आई, मग ही जुनी कशाला अडवून ठेवलीय?" काकू म्हणाल्या, "गिऱ्हाईक आहे तिचं."

पुढच्या चौथ्या मंगळवारी अकराच्या ठोक्याला टायपिस्टबाई आल्या. काठी काखेत होती आणि कठड्याला हात नव्हता. कानामागचा ठिपका रुपयाएवढा झाला होता. काकूंनी तो पाहिला, आणि फळीवर दोन वाट्या मांडल्या: एकीत काळा रंग, दुसरीत निळी पावडर.

त्या घड्याळाला चावी देत होत्या तेव्हा शेजारून आवाज आला. फुस्स. या वेळी जरा जपून, पाहुण्याने टेकावं तसा.

काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. ब्रश झटकला.

"आज आधी कुणाला घेऊ?"

टायपिस्टबाईंनी पायावर पाय टाकला.

"त्याला घे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे वेळ आहे."